नव्या गायनशिक्षकाला आणि साथीदाराला हाताशी धरताना : जून ते मार्चची कृती

विशारद झालेली मुलगी घरातल्या बाहेरच्या खोलीत गाण्याचा क्लास सुरू करते. राग, ताल, बंदिशी, आलाप-ताना सगळं तिचं तयार असतं. पण समोर आठ वर्षांचं पोर सुराला लागत नाही तेव्हा नेमकं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. तबला शिकलेल्या मुलाचंही तसंच होतं. कायदे, रेले, तुकडे हातात बसलेले असतात. पण ख्यालाच्या मागे अर्धा तास सरळ ठेका धरायची वेळ आली की हात शिवशिवायला लागतात. पेटीवाल्याला नाट्यपद वाजवता येतं, पण गवयाने श्वास घेतल्यावर किती भरायचं आणि कधी गप्प बसायचं हे उमगत नाही.

शिकवणं आणि साथ करणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती गाणं आलं म्हणून आपोआप येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या नजरेखाली ती करावी लागते. ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं शिकवणारी माणसं तयार व्हावीत म्हणून तिथे वेगळा ‘उपदेशक वर्ग’ चालवला. त्यांच्या शिष्यांपैकी विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. दुसरे शिष्य प्रा. बी. आर. देवधर. त्यांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व विद्यार्थी म्हणून आले आणि तरुण वयात तिथेच शिकवूही लागले. पेटीची साथही अशीच हातातून हातात गेली : पी. मधुकरांकडून तुळशीदास बोरकरांकडे आणि बोरकरांकडून सुधीर नायकांकडे.

आज गावोगावी क्लास आहेत आणि नवे शिक्षक एकेकटे चाचपडत आहेत. त्यांना हाताशी धरायची एक सरळ रीत पुढे दिली आहे. ती ज्येष्ठ शिक्षकांसाठी आहे. पण नव्या माणसानेही हा कागद घेऊन एखाद्या ज्येष्ठाकडे जायला हरकत नाही.

काय लागेल

एक ज्येष्ठ गायनशिक्षक, ज्याचा क्लास चालू आहे. एक नवा गायनशिक्षक. एक नवा साथीदार, तबल्याचा किंवा पेटीचा. दोन्ही मिळाले तर फारच उत्तम. स्वरात लावलेला तानपुरा, तबल्याची जोडी, पेटी. प्रत्येकाची एक वही. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, साधारण दोन तास. आवाज ध्वनिमुद्रित करायला साधा फोन पुरतो.

वेळापत्रक जून ते मार्च असं धरलं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेमध्ये संपतं, जूनमध्ये नवी मुलं येतात आणि पुढचं सत्र नोव्हेंबर-डिसेंबरला असतं. नव्या माणसाला एक मूल अगदी पहिल्या दिवसापासून परीक्षेपर्यंत जाताना बघायला मिळतं.

पायरी १ : माणसं निवडा

माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. तुमच्या भागातल्या परीक्षा केंद्राच्या संचालकांना विचारा. कोण नुकतं विशारद झालं आणि कोणी क्लास काढला, हे त्यांना ठाऊक असतं. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, पणजीची कला अकादमी अशा ठिकाणांहून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. साथीदार हवा असेल तर भजनी मंडळांकडे जरूर जा. तिथे वाढलेल्या मुलाची लय पक्की असते आणि दुसऱ्याच्या गाण्यामागे बसायची त्याला सवय असते.

निवडताना गाणं किती तयार आहे हे एकदाच ऐका. मग एक मूल समोर बसवा आणि ‘एवढी एक ओळ शिकव’ म्हणा. मूल गात असताना नवा शिक्षक त्याच्याकडे बघतो आहे का, थांबून ऐकतो आहे का, की स्वतःच मोठ्याने गात सुटतो, हे पाहा. ऐकणारा माणूस निवडा. बाकी सगळं शिकवता येतं.

नव्या शिक्षकाचे गुरू दुसरे असतील तर आधी त्यांच्या कानावर घाला. त्याची गायकी, त्याचं घराणं, त्याला मिळालेल्या चिजा यांत तुम्ही हात घालणार नाही, हेही स्पष्ट सांगा. तुम्ही त्याला शिकवायला शिकवणार आहात. त्याची तालीम गुरूंकडेच राहील.

पायरी २ : बोलणी आधीच करा

संकोचापोटी ही पायरी गाळली जाते आणि पुढे मनं दुखावतात. एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा आणि सगळ्यांनी वाचा.

दिवस आणि वेळ. पैसे : साथीदार क्लासला वाजवतो तेव्हा त्याला दर तासाला काय मिळणार? ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणून फुकट वाजवून घेऊ नका. नवा शिक्षक तुमचा वर्ग स्वतंत्रपणे घ्यायला लागला की त्याचंही मानधन ठरवा. विद्यार्थी : पुढे नव्या शिक्षकाने जवळच क्लास काढला आणि एखादं मूल तिकडे गेलं तर तुमची हरकत असेल का? आधी बोललेलं बरं. आणि मुलांबद्दलचे नियम : लहान मुलांचा वर्ग दार उघडं ठेवूनच होईल, पालकांना बसायचं असेल तर बसू द्यावं, ओरडणं आणि हात उगारणं अजिबात चालणार नाही.

पायरी ३ : जून-जुलै, नुसतं बघायचं

पहिले सहा-सात आठवडे नव्या माणसांनी शिकवायचं नाही, वाजवायचं नाही. मागे बसून वहीत तीन रकाने भरायचे : मला काय ऐकू आलं, ताईंनी काय केलं, त्यानंतर काय झालं.

पहिल्या आठवड्यात वहीत ‘मुलगी बेसूर’ एवढंच येईल. त्यावर विचारा, कुठल्या सुरावर? चढी की उतरी? जाताना की येताना? चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत नोंद अशी व्हायला हवी : ‘भूप. अवरोहात पंचमावरून गंधारावर येताना मध्ये मध्यमाला घासते. आरोहात चूक नाही.’ नोंद एवढी नेमकी झाली की निम्मं शिकवणं आलंच, कारण चूक कुठे आहे हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

साथीदाराची वही वेगळी. गायिकेने श्वास कुठे घेतला, मुखडा कुठल्या मात्रेवरून उचलला, लय कुठे सरकली, याच्या नोंदी त्याने करायच्या. वर्ग संपल्यावर दोघांनी वह्या एकमेकांना वाचून दाखवायच्या. गायनशिक्षकाच्या कानातून सुटलेल्या कितीतरी गोष्टी साथीदाराने टिपलेल्या असतात.

पायरी ४ : पट्टी ठरवायला शिकवा

नव्या शिक्षकाकडून सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तो स्वतः काळी एकला गातो म्हणून सगळ्यांना काळी एकलाच गायला लावतो; मुलींचा आवाज खाली दबतो, वर ताणला जातो.

प्रत्येक मुलाची पट्टी स्वतंत्र काढून दाखवा. मुलाला बोलताना येईल तितक्या सहज आवाजात सा लावायला सांगा. तिथून खाली मंद्र पंचमापर्यंत न्या. आवाज हवेसारखा विरला तर पट्टी वर घ्या. मग वर तार गंधारापर्यंत न्या. मान वर गेली, गळ्याच्या शिरा दिसल्या, भुवया चढल्या तर पट्टी खाली घ्या. दोन्ही टोकांना चेहरा शांत राहिला की पट्टी सापडली. वहीत तारखेसह लिहा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा ही तपासणी दर महिन्याला करा. त्या काळात गाणं बंद करायची गरज नाही. पट्टी खाली आणा, तार सप्तकाकडे जाऊ नका, जोर लावू देऊ नका. ‘तुझा आवाज गेला’ असं मुलाला कोणीही म्हणायचं नाही. नव्या शिक्षकाला हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने पुष्कळ मुलं गाणं सोडतात.

तबलजीनेही या वेळी शेजारी असावं. काळी एकचा तबला ओढून-ताणून काळी चारच्या मुलीला चालवता येत नाही; खालच्या सुराला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. तबला मुलांसमोरच लावा. हातोडी गजऱ्यावर कुठे पडते, समोरासमोरची घरं कशी जुळवली जातात आणि शेवटी शाई षड्जात कशी बोलते, हे मुलांना ऐकू द्या. कान तयार करायला याहून चांगला पाठ नाही.

पायरी ५ : ऑगस्ट, दहा मिनिटांचा पाठ

आता नव्या शिक्षकाला दर वर्गात फक्त दहा मिनिटं द्या. एकच मूल, एकच गोष्ट. वरच्याच भूपाचं उदाहरण घ्या.

मुलगी ‘सां ध प ग रे सा’ गाते आणि पंचमावरून उतरताना मध्यम लागतो. नवा शिक्षक साहजिकच म्हणतो, ‘मध्यम नको, मध्यम वर्ज्य आहे.’ मुलगी मान डोलावते आणि पुन्हा तोच सूर लावते. नियम तिला पाठ आहे, गळ्याला माहीत नाही. अशा वेळी पुढची रीत दाखवा. तानपुरा चालू ठेवा. आधी नुसता गंधार लांब धरायला लावा. मग पंचम लांब. मग पंचम धरून थांबा, आवाज पूर्ण बंद, मनात गंधार ऐक, आता लाव. मधली विश्रांती हळूहळू कमी करत न्या. शेवटी ‘प ग’ सलग. पाच-सहा वेळा बरोबर आलं की मग ‘प ग रे सा’ आणि त्यानंतर पूर्ण अवरोह.

‘ताई, पुन्हा म्हणू?’ असं मुलीने आपणहून विचारलं तर पाठ जमला.

या दहा मिनिटांत नव्या शिक्षकाने स्वतः किती वेळ गायलं, हे साथीदाराने घड्याळ लावून मोजावं. सुरुवातीला शिक्षकच सात-आठ मिनिटं गात असतो. ते प्रमाण उलटं व्हायला हवं : मुलाचं गाणं जास्त, शिक्षकाचं कमी.

पायरी ६ : साथीदाराची तालीम

तबलजीला पहिलं काम द्या : विलंबित एकतालाचा साधा ठेका वीस मिनिटं. मुखडे-तुकडे काही नाही, भरणा नाही, लय पहिल्या आवर्तनात होती तीच विसाव्या मिनिटाला. हे ऐकायला सोपं वाटतं आणि करायला फार अवघड आहे. विलंबितात एकेक आवर्तन जवळपास मिनिटभर चालतं आणि दोन मात्रांमधली रिकामी जागा हाताला सहन होत नाही. ही जागा गवयाची आहे, हे त्याला पटेपर्यंत हा रियाज चालू ठेवा. लहान मुलांबरोबर आणखी एक गोष्ट हवी. मूल अडखळलं, मात्रा चुकलं, तर ठेका मोडायचा नाही. सम जरा ठळक वाजवून त्याला वाट दाखवायची. यंत्रातला तबला लय धरतो, पण मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. म्हणून वर्गात जिवंत साथ हवी.

पेटीवाल्यासाठी तीन टप्पे. पहिला : गायिकेचं एक आवर्तन हात बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं. दुसरा : तेच आवर्तन गळ्याने गाऊन दाखवायचं, बरं-वाईट कसंही. तिसरा : मग पेटीवर. जे गळ्यात आलं नाही ते बोटांत येत नाही. पुढचा नियम असा की गायिका गात असताना तिच्या मागून, हलक्या भात्यावर. ती थांबली की तिच्याच शेवटच्या स्वरसंगतीला धरून थोडं. तिने नवा सूर दाखवायच्या आधी तो आपण कधीच वाजवायचा नाही.

पेटीच्या मर्यादाही उघडपणे सांगा. तिच्यात मींड नाही, स्वर ठोकळ आहेत. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तिच्यावर निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली त्यामागे हेही कारण होतं, आणि ती बंदी शिथिल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. अशा जागी चांगला साथीदार हात उचलतो आणि तानपुऱ्याला काम करू देतो. कुठे वाजवायचं नाही हे कळलं की त्याची साथ गवयांना हवीशी होते.

पायरी ७ : सप्टेंबर-ऑक्टोबर, जागा बदला

आता गायनशिक्षकाला तबल्याचे बोल तोंडाने म्हणायला लावा आणि तबलजीला बंदिश गायला लावा. एकताल हातावर धरा :

धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । कत् ता । धागे तिरकिट । धी ना

तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. नवा गाणारा पहिल्या तिरकिटालाच मुखडा उचलायला धावतो आणि फसतो. पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आणि लगेच सम. त्याचप्रमाणे ‘कत्’ ऐकू आला की सातवी मात्रा, अर्धं आवर्तन गेलं. गायनशिक्षकाने डोळे मिटून ठेका ऐकावा आणि कुठेही थांबवलं तरी मात्रा सांगावी. हे जमलं की तो आपल्या विद्यार्थ्यांना बोटं मोजायला न लावता सम दाखवू शकेल.

तबलजीने तीच बंदिश स्थायी-अंतऱ्यासह पाठ करावी. शब्द माहीत असलेला तबलजी मुखड्याची चाहूल आधीच ओळखतो. एकाच खोलीत, एकमेकांसमोर हा अभ्यास झाला की दोघांचं नातं गायक आणि ‘मागचा तबलजी’ असं उरत नाही.

पायरी ८ : चुका सांगायची रीत

दर आठवड्याला वर्गानंतर वीस मिनिटं चर्चेला ठेवा. नियम चारच. मुलांसमोर नव्या शिक्षकाला किंवा साथीदाराला दुरुस्त करायचं नाही, कितीही चुकलं तरी. आधी त्याला विचारायचं, ‘तुला काय वाटलं?’ मग एकच गोष्ट सांगायची. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. आणि ती ध्वनिमुद्रणावर ऐकवून सांगायची, म्हणजे तुमचं मत विरुद्ध त्याचं मत असा वाद राहत नाही.

पुढच्या आठवड्यात तेवढीच गोष्ट बघा. सुधारली असेल तर तसं मोकळेपणी म्हणा. आपल्या क्षेत्रात कौतुक फार हात राखून केलं जातं. नव्या माणसाला आपण कुठे बरोबर आहोत हे कळणंही तितकंच गरजेचं असतं.

पायरी ९ : नोव्हेंबर-डिसेंबर, परीक्षा आणि छोटी बैठक

परीक्षेला बसणाऱ्या दोन-तीन मुलांची तयारी नव्या शिक्षकाकडे पूर्ण सोपवा. राग, बंदिश, तालाची माहिती, हातावर ताल धरणं, सगळं त्याने बघावं. सरावाची परीक्षा तुम्ही घ्या.

त्याच सुमारास घरच्या घरी एक बैठक करा. पंधरा-वीस श्रोते, ध्वनिवर्धक नको. मुलं गातील, साथीदार साथ करतील, नवा शिक्षक तानपुऱ्यावर बसेल. तिथून त्याला प्रत्येक मूल ऐकू येतं आणि मधे पडायचा मोह आवरावा लागतो. कार्यक्रमपत्रिकेत साथीदारांची नावं गाणाऱ्यांच्या बरोबरीने लिहा. मुलांनी बैठकीनंतर त्यांनाही नमस्कार करायचा, ही सवय इथेच लावा.

पायरी १० : जानेवारी-मार्च, हात सोडा

नवा शिक्षक आता स्वतःचा क्लास घेईल. तुम्ही महिन्यातून एकदा जाऊन मागे बसा आणि तीच तीन रकान्यांची वही तुम्ही भरा. परदेशात किंवा दूरच्या गावी असलेल्या माणसाबरोबर हे काम ध्वनिचित्रमुद्रण पाठवून होतं. मात्र इंटरनेटवर दोन ठिकाणांहून एकत्र गायचा-वाजवायचा प्रयत्न करू नका. आवाज उशिरा पोचतो आणि लय बिघडते. साथीच्या सरावासाठी त्याला त्याच्याच गावात जोडीदार शोधायला लावा.

मार्चअखेर तिघे-चौघे एकदा बसा आणि जूनमधल्या वह्या उघडा.

अडचणी आणि उपाय

नवा शिक्षक तुमची हुबेहूब नक्कल करू लागला, तर त्याच पाठाची दुसरी रीत त्याला स्वतः शोधायला सांगा. साथीदार कार्यक्रमांच्या मोसमात गैरहजर राहू लागला, तर रागावू नका. त्याचं पोट त्यावर आहे. वेळापत्रक सैल करा, पण महिन्यातून दोन वर्ग पक्के ठेवा. पालक ‘आम्हाला मोठ्या ताईच हव्यात’ म्हणाले, तर पहिल्या दिवशीच सांगा की दोघी मिळून शिकवणार आहोत. पैशांची फारच ओढाताण असेल तर नव्या माणसाच्या स्वतःच्या तालमीसाठी केंद्र सरकारची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठीची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. अर्ज भरायला मदत करा.

काम झालं हे कसं ओळखावं

नवा शिक्षक ‘बेसूर’ हा शब्द वापरायचा थांबतो आणि सुराचं नाव घेतो. मूल चुकल्यावर तो आधी ऐकतो, मग गातो. साथीदार वाजवता वाजवता वहीकडे किंवा स्वतःच्या हाताकडे बघत नाही, गाणाऱ्याकडे बघतो. आणि अडचण आली की दोघं तुमच्याकडे येण्याआधी एकमेकांना विचारतात.

हे दिसलं की पुढच्या जूनमध्ये त्यांच्याकडे एकेक नवा माणूस सोपवा आणि हाच कागद त्यांच्या हातात द्या. आपल्या जिल्ह्यात चांगलं शिकवणारे आणि चांगली साथ करणारे वाढावेत असं वाटत असेल, तर दरवर्षी निदान एकाला तरी जवळ बसवणं हे प्रत्येक ज्येष्ठाचं कामच आहे. त्यासाठी संस्था, अनुदान, सभागृह यांची वाट बघायचं कारण नाही. चालू क्लास आणि आठवड्याचे दोन तास एवढं भांडवल पुरतं.